अविरल गंगेसाठी कायदा

(गंगेच्या रक्षणासाठी गेल्या शंभर वर्षांत झालेले करार, कायदे व आदेश यांचा आढावा घेणाऱ्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



मराठी घरातील देवघरात पूर्वापार एक गोष्ट हमखास आढळते, ती म्हणजे गंगेची लोटी. काशीयात्रा करून आलेल्या माणसाने घरी परतल्यावर मावंदे घालावे, आप्तेष्टांना गंगाजलाचे तीर्थ द्यावे आणि उरलेली लोटी अखेरच्या क्षणासाठी जपून ठेवावी, ही रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली. गंगेचे खोरे महाराष्ट्रापासून दूर असले, तरी गंगा महाराष्ट्राला कधीच परकी नव्हती. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी काशीत घाट बांधले, विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले. गोदावरीला आपण दक्षिणगंगा म्हणतो. म्हणूनच गंगेच्या प्रकृतीचा प्रश्न निघाला की तो उत्तर भारतातील चार-पाच राज्यांचा प्रश्न म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

गोमुखापासून गंगासागरापर्यंत सुमारे २५२५ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीचे भारतातील खोरे साधारण ८ लाख ६१ हजार चौरस किलोमीटरचे, म्हणजे देशाच्या भूभागाच्या चौथ्या हिश्श्याहून मोठे आहे. देशाची चाळीस टक्क्यांहून अधिक लोकसंख्या या खोऱ्यात राहते. अशा नदीविषयी समाजाच्या मनात अपार श्रद्धा आहे. तिच्यासाठी योजना झाल्या, हजारो कोटी रुपये मंजूर झाले. परंतु तिच्या पात्रात किती पाणी राहिलेच पाहिजे आणि ते काढून घेणाऱ्याला कोणी अडवायचे, हे सांगणारा संसदेने संमत केलेला स्वतंत्र कायदा मात्र अद्याप नाही. आजचा विषय नेमका हाच आहे.

मालवीयजींचा करार

या प्रश्नाची सुरुवात स्वातंत्र्यानंतर झाली असे अनेकांना वाटते. वास्तविक ती इंग्रजी अमदानीतच झाली. १८३७-३८च्या भीषण दुष्काळात गंगा-यमुनेच्या दुआबात असंख्य माणसे अन्नावाचून मेली. त्या अनुभवातून प्रोबी कॉटली या इंग्रज अभियंत्याने हरिद्वारहून गंगेचा कालवा काढण्याची योजना आखली आणि १८५४मध्ये तो कालवा सुरू झाला. पुढे १८७८मध्ये नरोरा येथून दुसरा, खालचा कालवा निघाला. या कालव्यांनी लक्षावधी एकर शेती भिजवली हे नाकारण्याचे कारण नाही. पण नदीचे पाणी नदीसाठी किती ठेवायचे, हा विचार त्या योजनेत कोठेच नव्हता.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात भीमगोडा येथे नवा बंधारा घालून गंगेचा प्रवाह पूर्णपणे नियंत्रित करण्याचा बेत सरकारने केला, तेव्हा तीर्थपुरोहित, साधुसंत आणि सामान्य यात्रेकरू संतापले. पंडित मदनमोहन मालवीयांनी त्या असंतोषाला संघटित आणि सनदशीर रूप दिले. डिसेंबर १९१६मध्ये हरिद्वारला सरकारी अधिकारी, अभियंते, संस्थानिक आणि हिंदू समाजाचे प्रतिनिधी एकत्र बसले. हर की पौडीकडे किमान एक हजार क्युसेक पाणी अखंड वाहत राहील आणि यापुढे हिंदू समाजाशी विचारविनिमय केल्याशिवाय या व्यवस्थेत बदल होणार नाही, असे तेथे ठरले.

या कराराचे महत्त्व नीट समजून घेतले पाहिजे. 'नदीत किमान इतके पाणी राहिलेच पाहिजे' हे तत्त्व आज जगभर 'पर्यावरणीय प्रवाह' या नावाने शिकवले जाते. तेच तत्त्व श्रद्धेच्या भाषेत मांडून परकीय सरकारकडून लेखी कबूल करून घेणारे मालवीयजी या अर्थाने काळाच्या पुढे होते. हजारो वर्षांच्या भक्तीला त्यांनी आकड्याचे आणि कागदाचे बळ दिले.

निर्मळ की अविरल?

गंगेच्या शुद्धीकरणाची चर्चा बहुधा सांडपाण्यापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. सांडपाण्याचा प्रश्न मोठा आहेच. कानपूरच्या एकट्या सीसामऊ नाल्यातून दररोज सुमारे १४ कोटी लिटर मैला गंगेत पडत होता. २०१८मध्ये तो वळवून शुद्धीकरण केंद्राकडे नेण्यात आला, ही निश्चितच समाधानाची गोष्ट आहे. परंतु घाण थांबवणे हा कामाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग पाण्याचा आहे.

वाहते पाणी हवेतील प्राणवायू आपल्यात मिसळून घेते आणि त्या प्राणवायूच्या साह्याने सूक्ष्म जीव घाणीचे विघटन करतात. पाण्याचा साठा जितका अधिक, तितकी घाण विरळ होते. प्रवाहाला गती असली की गाळ आणि वाळू पुढे सरकते, मासे वर चढतात, पात्र जिवंत राहते. गंगेच्या पाण्यात याहून वेगळाही गुण आहे. १८९६मध्ये अर्नेस्ट हँकिन या इंग्रज शास्त्रज्ञाने गंगा आणि यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात असे निरीक्षण नोंदवले होते. जंतूंना मारणाऱ्या विषाणूंचा शोध पुढे दोन दशकांनी लागला, तेव्हा त्या निरीक्षणाचा उलगडा होऊ लागला. असे गुण वाहत्या नदीत टिकतात. तीच नदी बोगद्यातून नेली, धरणात अडवली किंवा उन्हाळ्यात जवळजवळ कोरडी पाडली, तर ते टिकतील असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

प्रत्यक्षात काय घडले? भागीरथीवर २६० मीटरहून उंच टिहरी धरण उभे राहिले आणि २००६मध्ये तेथून वीजनिर्मिती सुरू झाली. अलकनंदा आणि तिच्या उपनद्यांवर एकामागून एक जलविद्युत प्रकल्प आखले गेले. सपाटीवर उतरताच हरिद्वारला वरच्या कालव्याचे तोंड लागते. या कालव्याची आजची क्षमता सुमारे १०,५०० क्युसेक आहे. त्यापुढे बिजनौर आणि नरोरा येथे पुन्हा पाणी उचलले जाते. इतक्या ठिकाणी पाणी दिल्यानंतर मार्च-एप्रिलमध्ये जी क्षीण धार कानपुरात पोहोचते, तिच्यात चामड्याच्या कारखान्यांचे पाणी मिसळते. अशा वेळी कितीही शुद्धीकरण केंद्रे बांधली तरी नदी निर्मळ कशी होणार? प्रवाह अविरल असेल तरच नदी निर्मळ राहील, हा या विषयाचा गाभा आहे.

कायदे झाले, पण नदी वगळून

आपल्या देशात या विषयावर कायदेच झाले नाहीत असे नाही. १९५६मध्ये संसदेने नदी मंडळ कायदा केला. आंतरराज्य नद्यांच्या खोऱ्यांचा एकत्रित विचार करणारी मंडळे स्थापन व्हावीत हा त्याचा हेतू होता. त्या कायद्याखाली आजवर एकही नदी मंडळ स्थापन झाले नाही. १९७४मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा झाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळे अस्तित्वात आली. १९८६मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. हे दोन्ही कायदे पाण्यात काय मिसळते याकडे पाहतात. पाणीच काढून घेतले तर काय, याविषयी ते जवळपास मूक आहेत.

१४ जून १९८६ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांनी वाराणसीत गंगा कृती योजनेचा प्रारंभ केला. शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली, पंप बसले. पण वीज गेली की पंप बंद आणि मैला थेट नदीत, असा प्रकार वर्षानुवर्षे चालला. काशीच्या संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र यांनी हे उणेपण पुन्हा पुन्हा दाखवून दिले. ते काशी हिंदू विश्वविद्यालयात जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. एकीकडे रोजचे गंगास्नान, दुसरीकडे त्याच पाण्याचे प्रयोगशाळेत परीक्षण, असा त्यांचा क्रम होता. भक्ती आणि विज्ञान यांचा असा संगम विरळाच. २०१३मध्ये त्यांचे निधन झाले.

न्यायालयांनीही हात आखडता घेतला नाही. ज्येष्ठ विधिज्ञ एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८७मध्ये कानपूरच्या चामडे कारखान्यांविषयी आणि १९८८मध्ये नगरपालिकांच्या जबाबदारीविषयी महत्त्वाचे निर्णय दिले. २० मार्च २०१७ रोजी उत्तराखंड उच्च न्यायालयाने तर गंगा आणि यमुना यांना विधिक व्यक्तीचा दर्जा दिला. मात्र नदीला व्यक्ती मानले तर पुरात झालेल्या हानीची भरपाई कोणी द्यायची, राज्याबाहेरच्या प्रवाहाचे पालकत्व कोणाकडे, असे प्रश्न उपस्थित झाले आणि त्याच वर्षी ७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. योगायोग असा की त्याच मार्च महिन्यात न्यूझीलंडच्या संसदेने व्हांगानुई नदीला विधिक व्यक्ती मानणारा कायदा संमत केला होता. तेथे संसदेने नदीचे पालक कोण, त्यांचे अधिकार कोणते, हे कलमवार लिहून दिले. न्यायालयाची घोषणा आणि संसदेचा कायदा यांतील अंतर या दोन उदाहरणांवरून ध्यानात येते.

आदेश आणि अधिनियम

४ नोव्हेंबर २००८ रोजी गंगा राष्ट्रीय नदी म्हणून घोषित झाली. फेब्रुवारी २००९मध्ये पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय गंगा नदी खोरे प्राधिकरण स्थापन झाले. सात आयआयटींनी मिळून गंगा खोऱ्याचा व्यवस्थापन आराखडा तयार केला. त्यात अविरल धारा आणि निर्मल धारा या दोन्ही उद्दिष्टांना स्थान दिले होते आणि सर्वंकष कायद्याची शिफारसही होती. मे २०१५मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'नमामि गंगे'साठी २० हजार कोटी रुपयांना मंजुरी दिली. ७ ऑक्टोबर २०१६च्या आदेशाने राष्ट्रीय गंगा परिषदेपासून जिल्हा गंगा समित्यांपर्यंत पाच स्तरांची रचना उभी राहिली आणि राष्ट्रीय स्वच्छ गंगा अभियानाला प्रदूषण करणाऱ्यांना निर्देश देण्याचे अधिकार मिळाले.

ही पावले योग्य दिशेची होती, यात शंका नाही. तरीही हा सारा डोलारा पर्यावरण संरक्षण कायद्याखालील एका आदेशावर उभा आहे. आदेश सरकार काढते आणि सरकारच बदलू शकते. त्यासाठी संसदेत एका ओळीचीही चर्चा व्हावी लागत नाही. पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय गंगा परिषदेची पहिली बैठक डिसेंबर २०१९मध्ये कानपूरला आणि दुसरी डिसेंबर २०२२मध्ये झाली. रचना कितीही उत्तम असली तरी ती नियमित चालवण्याचे बंधन कायद्याच्या बळावाचून सैल पडते, हेच यातून दिसते.

हे उणेपण सरकारच्याही ध्यानात आले होते. २०१६मध्ये न्यायमूर्ती गिरिधर मालवीय यांच्या अध्यक्षतेखाली गंगा कायद्याचा मसुदा करण्यासाठी समिती नेमली गेली. ते मदनमोहन मालवीयांचे नातू. आजोबांनी करार केला आणि शंभर वर्षांनी नातवाने कायदा लिहिला. एप्रिल २०१७मध्ये समितीने आपले काम सरकारकडे सुपूर्द केले. त्यावर विचार होऊन २०१८मध्ये नवा मसुदा तयार झाला. प्रवाहाला अडथळा करणे, अवैध उत्खनन, घाटांची नासधूस यांना गुन्हा ठरवणाऱ्या आणि स्वतंत्र गंगा संरक्षण दलाची कल्पना मांडणाऱ्या तरतुदी त्यात होत्या. तो मसुदा कायदा होऊ शकला नाही. न्यायमूर्ती मालवीय यांचे नोव्हेंबर २०२४मध्ये निधन झाले. आपण लिहिलेला कायदा पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

एका अभियंत्याचे बलिदान

या मागणीसाठी एका माणसाने प्राण दिले आहेत. प्रा. गुरुदास अग्रवाल हे आयआयटी कानपूरमधील पर्यावरण अभियांत्रिकीचे नामवंत प्राध्यापक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पहिले सदस्य-सचिव. प्रशासन आतून पाहिलेला, अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेला हा शास्त्रज्ञ २००८पासून भागीरथीसाठी उपोषणे करू लागला. त्यांच्या तपश्चर्येमुळे २०१०मध्ये लोहारीनाग-पाला हा ६०० मेगावॉटचा, काम सुरू झालेला प्रकल्प रद्द झाला. भैरोघाटी आणि पाला-मनेरी हे प्रकल्पही थांबले. डिसेंबर २०१२मध्ये गोमुख ते उत्तरकाशी हा सुमारे शंभर किलोमीटरचा पट्टा पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. २०११मध्ये त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी ज्ञानस्वरूप सानंद झाले.

२२ जून २०१८ रोजी त्यांनी हरिद्वारला पुन्हा उपोषण आरंभले. गंगेसाठी संसदेचा कायदा, गंगेच्या उगमप्रवाहांवरील जलविद्युत प्रकल्पांना विराम, उत्खननाला बंदी आणि स्वायत्त गंगा परिषद या त्यांच्या मागण्या होत्या. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी सरकारने किमान प्रवाहाची अधिसूचना काढली. हरिद्वारपर्यंतच्या वरच्या टप्प्यात ऋतुमानानुसार सरासरी प्रवाहाच्या २० ते ३० टक्के पाणी सोडणे आणि भीमगोडा बंधाऱ्याखाली पावसाळा वगळता किमान ३६ घनमीटर प्रति सेकंद प्रवाह राखणे तिने बंधनकारक केले. गंगेच्या बाबतीत असा आकडा सरकारी राजपत्रात येणे ही मोठीच गोष्ट होती. परंतु सानंदांचा आग्रह कायद्यावर होता. त्याच सुमारास त्यांनी पाणीही सोडले आणि ११ ऑक्टोबरला, उपोषणाच्या एकशे अकराव्या दिवशी, ऋषिकेशच्या 'एम्स'मध्ये त्यांनी देह ठेवला. त्यांचे वय ८६ होते.

त्या ३६ घनमीटरचे क्युसेक केले तर सुमारे १२७० होतात. १९१६च्या करारात हर की पौडीच्या धारेसाठी एक हजार क्युसेक ठरले होते. दोन्ही आकडे अगदी एकाच जागेचे नसल्याने तुलना ढोबळच राहील. तरीही शंभर वर्षांत नदीच्या हक्काचा आकडा किती थोडा पुढे सरकला, याची कल्पना यातून येते.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव

कायदा झाला की काय होते, याचे उत्तर ऑस्ट्रेलियाच्या मरे-डार्लिंग नद्यांच्या खोऱ्यात मिळते. सुमारे दहा लाख चौरस किलोमीटरचे हे खोरे चार राज्यांत पसरले आहे. सिंचनासाठी अतोनात उपसा झाला, त्यात दीर्घ अवर्षण आले. अखेरीस तेथील केंद्रीय संसदेने २००७मध्ये जल कायदा केला, खोऱ्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले आणि २०१२मध्ये खोरे योजना कायद्याच्या बळावर लागू केली. शेतीकडून वर्षाला २७५० अब्ज लिटर पाणी परत घेऊन नदीला द्यायचे, असे तिने ठरवले. आपल्या हिशेबात हे सुमारे ९७ टीएमसी होते, म्हणजे कोयनेच्या संपूर्ण जलाशयाहून थोडेसेच कमी.

हे पाणी सरकारने शेतकऱ्यांकडून हक्क विकत घेऊन आणि सिंचनातील गळती थांबवून मिळवले. विरोध मोठा झाला. योजनेच्या पहिल्या आराखड्याच्या प्रती शेतकऱ्यांनी २०१०मध्ये भर सभेत जाळल्या. गावे ओस पडतील अशी भीती होती आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. इतके करूनही २०१८-१९च्या उन्हाळ्यात डार्लिंग नदीत मेनिंडी येथे लक्षावधी मासे मेले. २०२३मध्ये तेथील संसदेला नवा कायदा करून मुदत वाढवावी लागली आणि पाणी विकत घेण्याचा मार्ग पुन्हा मोकळा करावा लागला.

यातून दोन धडे मिळतात. कायद्यामुळे नदीचा वाटा आकड्यात ठरला आणि तो कमी पडल्यावर संसदेला जाब विचारता आला, हा पहिला. नदीला पाणी द्यायचे तर ते कोणाकडून तरी घ्यावे लागते, हा दुसरा. मरे-डार्लिंगच्या खोऱ्यात पंचवीस लाखांहूनही कमी माणसे राहतात, गंगेच्या खोऱ्यात चाळीस कोटींहून अधिक. आपल्याकडे पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा करून विकण्याची पद्धत नाही. म्हणून त्यांचा मार्ग जसाच्या तसा येथे चालणार नाही. पण त्यांनी ज्या प्रश्नाला तोंड दिले, तो टाळून आपलाही कायदा होणार नाही.

कायद्यात काय असावे?

घटनेच्या राज्यसूचीत पाणी हा विषय राज्यांकडे आहे हे खरे. मात्र संघसूचीतील ५६वी नोंद आंतरराज्य नद्यांचे नियमन आणि विकास हा विषय संसदेकडे सोपवते. म्हणजे घटनेचा आधार उपलब्ध आहे, हवी आहे ती इच्छाशक्ती.

गंगेच्या प्रत्येक टप्प्यावरचा किमान प्रवाह कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलेला असावा, म्हणजे तो संसदेच्या संमतीशिवाय घटवता येणार नाही. प्रत्येक धरणाखाली आणि बंधाऱ्याखाली दररोज किती पाणी सोडले, ते जनतेला पाहता यावे. खोऱ्याचे प्राधिकरण स्वायत्त असावे, त्यात राज्यांना स्थान असावे आणि त्याने दरवर्षी संसदेपुढे अहवाल ठेवावा. नदीच्या पूररेषेत नवे बांधकाम होऊ नये. भूजलाचाही विचार व्हावा, कारण उन्हाळ्यात नदीला जमिनीतल्या झऱ्यांचाच आधार असतो आणि बेसुमार उपशाने तो तुटतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडून हा कायदा राबवता येणार नाही. पश्चिम उत्तर प्रदेशातील ऊस गंगेच्या कालव्यावर पोसला जातो. उद्या कालव्याचे पाणी घटले तर तेथील कुटुंबाने काय करायचे? ठिबक सिंचन, कमी पाण्याची पिके, त्या पिकांना खात्रीचा भाव आणि शहरांच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा शेतीसाठी वापर, यांची तरतूद त्याच कायद्यात हवी. अन्यथा नदीचा कैवारी आणि शेतकऱ्याचा कैवारी एकमेकांसमोर उभे राहतील आणि त्या भांडणात नदी पुन्हा हरेल.

समाजाचे काम

हे सारे सरकारवर सोपवून मोकळे होता येणार नाही. महाराष्ट्राला तर तो अधिकारच नाही. नदीकाठी प्रदूषणकारी उद्योगांना आळा घालणारे नदी नियमन क्षेत्र धोरण आपल्या राज्याने सन २०००मध्ये लागू केले आणि २०१५मध्ये ते रद्द केले. त्या वेळी किती जणांनी आवाज उठवला? गोदावरीच्या काठी कुंभमेळा भरतो, कृष्णेचा उत्सव होतो, इंद्रायणीच्या काठून पालखी निघते. पण या नद्यांत उन्हाळ्यात किती पाणी सोडले जाते हा प्रश्न आपण विचारत नाही. गंगेचा कायदा झाला तर तो गोदा-कृष्णा-भीमेसाठी आदर्श ठरेल, हेही त्याचे महत्त्व आहे.

काशीहून कावडीने आणलेले गंगाजल रामेश्वराला वाहण्याऐवजी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घालणाऱ्या नाथांची कथा प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. पूजेचे पाणी तहानलेल्याच्या मुखी गेले तरच ती पूजा देवाला पोहोचते, असा तिचा भाव आहे. आज तहानलेली आहे ती स्वतः गंगा. तिला पाणी द्यायचे तर काहीतरी सोडावे लागेल. कोणाला थोडी वीज, कोणाला थोडा ऊस, शहरांना थोडी उधळपट्टी. असा त्याग समाज मनापासून करू लागला, तर संसदेला कायदा करणे अवघड जाणार नाही. म्हणून प्रत्येकाने आपल्या खासदाराला भेटून किंवा पत्र लिहून एवढेच विचारावे, की गंगेच्या कायद्याचा मसुदा तयार असताना तो संसदेपुढे केव्हा येणार? हा प्रश्न गावोगावाहून गेला पाहिजे आणि उत्तर मिळेपर्यंत जात राहिला पाहिजे.